पालखी एक दिवस मागे होती

लालबाग,
सोमवार, १४ एप्रिल २०२५

ती. मीराआते,

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं लिहिलं. 'मंगळवारी, १८ मार्चला संध्याकाळी धोंडूकाका कोंडाच्या काठावर निळं पिंप घेऊन उभा होता आणि त्यातलं पांढरं काहीतरी पाण्यात ओतत होता' असं त्यात आहे. तो मंगळवार नव्हता. बुधवार होता, १९ मार्च. तेच वाक्य मी ग्रामस्थ मंडळाच्या जबानीच्या वहीत लिहिलं, खाली सही केली, आणि इथे लालबागला मंडळाच्या गाळ्यात ते साठ माणसांसमोर वाचलं गेलं.

चूक कशी झाली ते सांगते. मंडळाच्या बाबुरावकाकांनी जबानी मागितली तेव्हा मला वार आठवेना. शिमग्यात वार कुणाला आठवतो? कालची गोष्ट म्हणजे पालखी सुर्व्यांकडे होती तेव्हाची, आजची म्हणजे आपल्याकडे आली तेव्हाची. पालखी आपल्या घरात होती त्याच संध्याकाळी मी मुंबईची गाडी धरायला निघाले आणि साकवावरून धोंडूकाकाला पाहिलं, एवढं पक्कं आठवत होतं. म्हणून मंडळाने छापलेला पालखीचा कागद काढला. त्यात आपल्या घरापुढे मंगळवार १८ मार्च आहे. मी तोच लिहिला. छापलेला होता म्हणून.

काल प्रयोगशाळेतून घरी आणलेल्या एका पुस्तकात खूण म्हणून घातलेलं, मला गावाहून आणणाऱ्या निलेशच्या गाडीचं तिकीट सापडलं. त्यावर १९ मार्च आहे. मी तीनदा पाहिलं. मग आईलाही दाखवलं, माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता.

एका दिवसाने काय होतं, असं तू म्हणशील. नाही, तू नाही म्हणणार. वनरक्षकाच्या पंचनाम्यात आहे की खालच्या गावातल्या दोन बायका बुधवारी पहाटे शिंपल्या काढायला आल्या, तेव्हाच बंधाऱ्याला मेलेले मासे लागलेले होते. माझा मंगळवार धरला तर धोंडूकाकाने आदल्या संध्याकाळी काहीतरी ओतलं आणि सकाळी मासे मेले. माझं तिकीट धरलं तर मासे मेल्यावर बारा तासांनी त्याने ओतलं. आते, मी एका माणसावर शंभर माशांच्या खुनाचा आळ घातला आहे. आणि ते साधे मासे नव्हेत, आई जुगाईचे. नदीच्या ज्या राखलेल्या डोहात, त्या कोंडात, कुणी गळ टाकत नाही, जिथे खडस माशाला हाताने घास भरवतात, तिथले.

रविवारी ४ मे रोजी मंडळाची सभा आहे. शिमग्यात माशांना पहिला घास भरवायचा मान धोंडूकाकाकडून काढून घ्यायचा आणि कोंडावरची त्याची जागा खाली करवायची, असं ठरायचं आहे. चार पिढ्यांचा मान. माझ्या एका ओळीवर.

दोन गोष्टी कळव. पालखी खरंच कागदाप्रमाणे नव्हती का? आणि तू लिहिलं होतंस की पाणी अजून हिरवं आहे, बगळेसुद्धा मेले. त्या पाण्याच्या दोन बाटल्या निलेशच्या हाती पाठव. उकळू नकोस, गाळू नकोस, आणि हात जोडून सांगते, तुरटी फिरवू नकोस. साकवावरून मलाही पाण्यावर हिरवा तवंग दिसला होता. मला वाटलं, कुणी शिमग्याचा रंग धुतला असेल. पाहिलं आणि पुढे गेले.

तुझी,
अनुजा


नांदकोंड,
शनिवार, १९ एप्रिल

चि. अनू,

तुझं पत्र निलेशने दिलं. चहाला थांबला नाही, म्हणाला गाडी रस्त्यात उभी आहे आणि माणसं शिव्या देतायत.

पालखी एक दिवस मागे होती, हे खरं. तू गावी यायच्या आधीच मोऱ्यांच्या तात्याची आई गेली. भावकीला सुतक लागलं म्हणून पालखी एक दिवस सहाणेवरच, तिच्या चौथऱ्यावर, बसून राहिली. पुढचं प्रत्येक घर एकेक दिवसाने सरकलं. इथे सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईच्या कागदाला कोण सांगणार?

बाटल्या पाठवते आहे. पाणी मीच भरलं, काठावरून, पदराने नाक धरून. आता कोंडावर कुणी जात नाही. मी तिथे लहानपणापासून जाते, पण इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. पूर्वी पायाची चाहूल लागली की खडस वर यायचे. मांडीएवढे, तांब्याच्या रंगाचे. पाणी तोंडांनी भरून जायचं. परवा मी उभी राहिले, कुणी आलं नाही. पाणी हललंसुद्धा नाही. वर हिरवी साय धरली आहे, दुधावर धरते तशी. कडेला दोन पाणमांजरं मरून पडलेली, एकमेकांना लागून. दोन बगळे, एक पाणकावळा. कावळेसुद्धा त्यांना शिवले नव्हते. गावात म्हणतात आईचा कोप आहे. मी शाळामास्तरची मुलगी, माझा असल्यावर विश्वास नाही. पण त्या काठावर उभं राहून 'नाही' म्हणवेना.

धोंडूचं काही विचारू नकोस. तो गप्प आहे, त्याला गप्प राहू दे. मंडळाने ठरवायचं ते ठरवू दे. तू तिथे एकटी मुलगी, साठ माणसांपुढे उभी राहून तुझा दमा उसळला तर? तारीख चुकली हे तू मला सांगितलंस, झालं. फार डोक्यात घेऊ नकोस.

आंबे अजून उतरले नाहीत. उतरले की पेटी पाठवेन.

तुझी,
मीराआते


लालबाग,
गुरुवार, २४ एप्रिल

ती. आते,

निलेशने बाटल्या आणून दिल्या. म्हणाला, "आतेने देवाचं पाणी दिलंय, सांडलं तर मला गावात घेणार नाहीत. वाटभर मांडीवर घेऊन बसलोय." गाडी कुणी चालवली मग, असं आईने विचारलं तर हसला.

एका बाटलीत पाणी स्वच्छ होतं आणि तळाला हिरवा गाळ. तू तिच्यात तुरटी फिरवलीस ना? खरं सांग. दुसरी तशीच होती, हिरवी, कुबट वासाची. तीच कामाला आली.

मी महाविद्यालयात काचा धुते, द्रावणं भरून ठेवते, विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक मांडते. रोज मांडते, पण स्वतःसाठी क्वचितच पाहते. मंगळवारी सगळे गेल्यावर ऋता मॅडमनी मला बसवलं आणि म्हणाल्या, "तुझ्या गावचं पाणी आहे, आधी तू बघ."

आते, मला नीट सांगता येईल का माहीत नाही. आधी नुसता हिरवा धूर दिसला. मग चाक फिरवलं आणि धुराचे गोळे झाले. एकेक गोळा म्हणजे शेकडो ठिपके, न दिसणाऱ्या चिकात बसवलेले, कडेला विरत गेलेले. मी एका गोळ्यातले ठिपके मोजायला घेतले. दोनशे चाळीसच्या पुढे नजर ठरेना. तो एक गोळा होता. तसे गोळे एका थेंबात किती, आणि कोंडात थेंब किती? मी डोळा काढला, खिडकीबाहेर परळचे मनोरे दिसत होते, आणि ते मला लहान वाटले.

मॅडम म्हणाल्या हे नीलहरित शेवाळ. प्रत्येक ठिपक्यात हवेच्या बारीक पिशव्या असतात. ऊन हवं असलं की ते वर येतं, पोट भरलं की जड होऊन खाली जातं. हात नाही, डोळा नाही, पण उजेड कुठे आहे ते त्याला कळतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं. काळोखात पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, आणि एवढं माजलं असलं की पहाटेपर्यंत माशांना काही उरतच नाही. शिवाय त्यातल्या काही जातींत विष असतं, यकृतावर जाणारं. पाणमांजरांनी मासे खाल्ले असतील, बगळे पाणी प्याले असतील. विषाची पक्की तपासणी दुसरीकडे करावी लागेल, नमुना मॅडमनी पाठवला आहे. पण तोवर गुरांना तिथे पाणी पाजू नका. आणि आते, उकळून ते विष जात नाही. हे सगळ्यांना सांग. उकळलं की झालं, असं आपण जन्मभर मानलं, पण इथे ते चालत नाही.

मी विचारलं, "मॅडम, एवढं वाईट काही देवाने कशाला केलं?" त्या म्हणाल्या, "वाईट म्हणू नकोस. फार फार पूर्वी या पृथ्वीच्या हवेत प्राणवायू नव्हताच. यांच्याच पूर्वजांनी तो भरला. तू आत्ता घेतलास तो श्वास त्यांच्यामुळे आहे."

तेव्हा मला कळलं की मी श्वास रोखून बसले होते. तुला आठवतं, मी सहा वर्षांची असताना तू मला ओटीवर बसवून पाठीला हात लावायचीस आणि म्हणायचीस, घाई करू नकोस, हवा कुठे जात नाही. त्या पहाटे खडस वर तोंड काढून तेच करत असतील. ज्याने जगाला श्वास दिला त्यानेच तो काढून घेतला. मी घाबरले नाही. खूप मोठ्या देवळात शिरल्यासारखं वाटलं, चपला काढायच्या राहून गेल्यासारखं.

ते माजलं कशामुळे, हेही त्यांनी सांगितलं. साचलेलं पाणी, ऊन आणि खाऊ. बंधाऱ्याच्या फळ्या मंडळाने यंदा माघातच घालायला लावल्या, शिमग्याला कोंड काठोकाठ दिसावा म्हणून. आणि खाऊ आपणच घातला. पाचशे चाकरमानी, प्रत्येकाचं नवसाचं पीठ. मी इथल्या चक्कीवरून पाच किलो दळून नेलं होतं, दम्याचं औषध सुटलं म्हणून. माशांना हवं त्याच्या कितीतरी पट. उरलेलं कुजलं आणि याला मिळालं. वरच्या बागांचं खतही उतरत असेल, पण माझं पीठ मी स्वतः ओतलं.

काल गाळ्यात जाऊन बाबुरावकाकांना भेटले. ते ढोलाच्या दोऱ्या ताणत होते.

म्हटलं, "काका, माझी तारीख चुकली."

"एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय? पिंप ओतलं ना त्याने?"

"ओतलं. पण मासे आधीच मेले होते."

"बघ पोरी, तू शिकलेली म्हणून तुझ्या हाताने लिहून घेतलं. आता तूच म्हणतेस बदला. जबानी म्हणजे काय साडी आहे, ही नको ती दाखवा म्हणायला?"

"मला सभेत बोलू द्या."

त्यांनी दोरी सोडली. म्हणाले, "बोल. तुला कोण अडवतंय? पण उभी राहिलीस की लोक विचारणार. पांढरं काय होतं? आलं कुठून? त्याला मासे मेल्याचं कळलं होतं तर बोंब का मारली नाही? ह्याची उत्तरं घेऊन ये. नाहीतर पहिल्या जबानीची गेली तशी दुसरीचीही किंमत जाईल."

ते चुकीचं बोलले नाहीत. म्हणून विचारते. बुधवारी सकाळी, पालखी यायच्या आधी, मी धोंडूकाकाला आपल्या परसात पाहिलं होतं. तू त्याच्याशी हळू बोलत होतीस. मला पाहून गप्प झालात. हे मी जबानीत लिहिलं नाही. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही असं मी स्वतःला सांगितलं, पण ते खरं नाही. तुझं नाव त्यात यायला नको होतं, म्हणून वगळलं.

तूच मला पाटीवर शिकवलंस. वही दिलीस तेव्हा खोडरबर दिला नाहीस. चूक एका रेघेने काप आणि वर बरोबर लिही, चूक दिसली पाहिजे, म्हणायचीस. मग 'झालं, फार डोक्यात घेऊ नकोस' हे तू कसं लिहिलंस?

अनुजा


नांदकोंड,
मंगळवार, २९ एप्रिल

चि. अनू,

तुरटी मी फिरवली. एकीतच. हात आपसूक गेला. हे आधी कबूल करते, म्हणजे बाकीचं जमेल.

त्या बुधवारी उजाडता उजाडता धोंडू मागच्या दाराने आला. पाय गुडघ्यापर्यंत हिरवे. म्हणाला, "मीराबाय, देवाचे मासे उताणे पडलेत." मी शेणाने अंगण सारवत होते. रांगोळी काढायची होती, पालखी दुपारी येणार होती.

तुला माहीत आहे, तुझे थोरले काका गेल्याने गेल्या वर्षी पालखी आपल्या दारावरून तशीच पुढे गेली. मी खिडकीतून पाहिली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या आजारपणात मी त्यांच्याबरोबर मिरजेला होते. दोन वर्षं ह्या घरात आई आली नव्हती. धोंडूने कोंडावर काय झालं ते सांगितलं असतं तर गुरव पालखी सहाणेवर परत नेणार, हे मला उभ्या उभ्या कळलं.

मी त्याला म्हटलं, "धोंडू, आजचा दिवस बोलू नको. पालखी माझ्या दारातून निघू दे. मग सांग."

त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "बरं बाय." एवढंच. मग चुना मागितला. त्याचा बाप पाणी बिघडलं की चुना टाकायचा म्हणे. ओटीला सफेदी काढून उरलेला चुना त्या निळ्या पिंपात होता. मीच दिला. तू पाहिलंस ते पांढरं म्हणजे आपल्या घरचा चुना.

तो दिवसभर एकटा मासे काढत होता. वरच्या अंगाला, जांभळीखाली, हातभर खोल खड्डे करून एकशे बारा खडस त्याने पुरले. वाजंत्री इथपर्यंत ऐकू येत होती तशी त्याच्यापर्यंतही गेली असेल. संध्याकाळी चुना टाकला, तेव्हा तू साकवावर होतीस.

तू माझ्यासमोर पालखीपुढे नारळ ठेवून पाया पडलीस आणि गाडीला गेलीस. मी आईची ओटी भरली. सुखाने भरली, अनू. हे सगळ्यात वाईट.

नंतर वनरक्षकाने त्याला विचारलं, बाबुरावाने फोनवर विचारलं, त्याच्या स्वतःच्या वैभवने अंगावर ओरडून विचारलं, "बाबा, पूड कसली ते सांगा ना!" तो म्हणाला, "माका आठवत नाय." त्याने माझं नाव घेतलं नाही. मी त्याच्या दारात दोनदा गेले आणि 'मिरच्या वाळल्या का' असं विचारून परत आले.

मला वाटत होतं की मी आईला फसवून घरी आणलं, म्हणून तिने मासे नेले. तुझं पत्र वाचून कळलं की मासे आधीच गेले होते, तुझ्या ठिपक्यांनी नेले. तरी मन हलकं झालं नाही. माशांचं पाप माझं नाही. धोंडूला गप्प बसवल्याचं आहे.

सभेत तुला उत्तरं हवीत ती ही. गुरांना वर झऱ्यावर नेतो आहोत. उकळून विष जात नाही, हे मी घरोघरी सांगितलं.

माझं नाव मात्र सभेत घेऊ नकोस.

तुझी,
मीराआते


लालबाग,
शुक्रवार, २ मे

ती. आते,

निलेशने पत्र दिलं तेव्हा मी जिन्यातच उघडलं, दिव्याखाली. शेवटची ओळ 'माझं नाव मात्र सभेत घेऊ नकोस' ही तू एका रेघेने कापली आहेस. वर काही लिहिलं नाहीस. खोडली नाहीस, फाडली नाहीस, नवा कागद घेतला नाहीस. मी ती वाचू शकते. तुला तेच हवं होतं ना? मी बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं त्याहून मला ती कमी वाटली नाही.

मला राग येईल असं वाटलं होतं. आला, अर्धा तास. मग आठवलं की मीही साकवावरून हिरवं पाणी पाहून गाडी चुकेल म्हणून पुढे गेले होते. तुला पालखी होती, मला गाडी होती.

आज ऋता मॅडमनी लहान सूक्ष्मदर्शक रविवारपुरता न्यायची परवानगी दिली. चुन्याचंही विचारलं. एवढ्या मोठ्या कोंडाला एक पिंप चुन्याने मासे मरणार नाहीत, असं त्या म्हणाल्या, आणि मेल्यावर टाकलेल्याने तर नाहीच. तपासणीचा कागद अजून आलेला नाही. तो आला नाही, असंही मी सभेत सांगेन. जे माहीत नाही ते माहीत नाही.

काय करायचं ते मी लिहून काढलं आहे, नाहीतर साठ माणसांपुढे मला आठवणार नाही. आधी माझी जुनी जबानी सगळी वाचायची, मंगळवारासकट. मग वहीत त्या ओळीवर सगळ्यांसमोर एक रेघ मारायची आणि वर बुधवार लिहायचा. तिकीट दाखवायचं. मग तुझं पत्र वाचायचं. कापलेली ओळ वाचेन आणि ती कापलेली आहे असं सांगेन. मग माझं पाच किलो पीठ. मग बंधाऱ्याच्या फळ्या लगेच काढायची विनंती, आणि पुढच्या शिमग्यापासून कोंडात फक्त एक घास पडावा, धोंडूकाकाच्या हातचा. बाकीच्यांनी नुसतं उभं राहून बघायचं.

बाबुरावकाकांना आज सांगून आले. विचारलं, "उत्तरं मिळाली?" म्हटलं, "मिळाली." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "घरातलं कुणी आहे काय?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग तुला पहिली बोलायला देतो. मागून बोललीस तर हिंमत जाईल." गाळ्याच्या खिडकीशी ऊन कुठे येतं तेही त्यांनी दाखवलं, त्या यंत्राला उजेड लागत असेल म्हणून. त्यांनाही बघायचं आहे. एकेकाने डोळा लावावा.

वैभवचा फोन आला होता. तो धोंडूकाकाला घेऊन निलेशच्याच गाडीने येतो आहे. तू सगळं लिहून दिलंस हे काकाला अजून माहीत नाही. आते, मला वाटतं त्याला हे माझ्या तोंडून सभेत कळू नये. हे पत्र निलेश उद्या सकाळी तुला देईल आणि संध्याकाळी तीच गाडी परत निघेल. मधे तुझ्या हातात एक दिवस आहे. त्याच्या दारात जा, आणि मिरच्यांचं विचारू नकोस. तीन जागा मी निलेशला धरून ठेवायला सांगितल्या आहेत.

तू आलीस तर पत्र तूच वाच. नाही आलीस तर मी वाचेन. दम्याचा फवारा पिशवीत घातला आहे. हवा कुठे जात नाही.

सभा रविवार, ४ मे २०२५, सकाळी दहा वाजता.

अनुजा